उच्च शिक्षण आणि राजकारणावर इंग्रजीत बोलायचंय, शब्द कुठले वापरू?

कळंबारोड
नमस्कार मंडळी. मी बीए राज्यशास्त्र, तिन्ही वर्षं मराठीतनं. आता पब्लिक पॉलिसीच्या एमएसाठी दिल्लीच्या एका विद्यापीठाची मुलाखत आहे. ऑनलाइन आणि पूर्ण इंग्रजीत. अर्जात आवडीचा विषय म्हणून 'हायर एज्युकेशन रिफॉर्म' लिहून बसलोय, म्हणजे धुणार त्याच्यावरच.

वाचायची अडचण नाही, इंग्रजी पेपरचे अग्रलेख कळतात. तोंड उघडलं की मात्र 'व्हेरी इम्पॉर्टंट इश्यू'च्या पुढं गाडी जात नाही. यूट्यूबवरनं शब्द उतरवून काढलेत: स्टेकहोल्डर, होलिस्टिक, रोबस्ट, पॅराडाइम शिफ्ट, इन्क्लुझिव्ह. ते घालून केलेलं एक वाक्य देतो: 'द गव्हर्नमेंट शुड टेक रोबस्ट स्टेप्स फॉर द होलिस्टिक डेव्हलपमेंट ऑफ ऑल स्टेकहोल्डर्स.' कसं वाटतंय? आणि अजून कुठले शब्द पाठ करू?

मिसळ_कट
भावा, वाक्य एक नंबर हाय. रंकाळ्यातली जलपर्णी काढायची असली तरी हेच चालतंय, ऊसदराच्या बैठकीत पण चालतंय. म्हणूनच दिल्लीत चालायचं नाही. पॅनेलवरचा माणूस एवढंच विचारणार, 'विच स्टेप्स?' मग काय सांगणार?

मंगळवारपेठ_ते_मँचेस्टर
मी इथल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश विभागात काम करते, भारतातल्या मुलांचे अर्ज रोज वाचते. 'होलिस्टिक'वाली वाक्यं शेकड्यानं येतात, पण त्यानं नुकसान कमी होतं, माणूस नुसता कंटाळतो. खरी पंचाईत होते ती आपल्याला इंग्रजी वाटणाऱ्या आपल्याच शब्दांनी.

'डोनेशन' घे. 'दे टेक डोनेशन फॉर ॲडमिशन' असं म्हटलंस तर बाहेरच्या माणसाला वाटेल, संस्थेला कुणीतरी देणगी दिली, चांगलं झालं. आपल्याला म्हणायची असते 'कॅपिटेशन फी'. महाराष्ट्रात तिच्यावर बंदी घालणारा कायदा १९८७ चा आहे, त्याच्या नावातसुद्धा हाच शब्द आहे. मुलाखतीत हा शब्द आला की पुढं तुला बोलायला रस्ता मिळतो: १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, चार वर्षांत ही फी रोखणारा कायदा करावा लागला. धोरण, त्याचा परिणाम, मग त्या परिणामावर दुसरं धोरण. पब्लिक पॉलिसीवाल्यांना हेच ऐकायचं असतं.

'सीनियर कॉलेज' बाहेर कुणाला कळत नाही. 'अंडरग्रॅज्युएट कॉलेज' म्हण. 'नॉन-ग्रँट'ला 'अनएडेड', 'ग्रँटेबल'ला 'एडेड'. आणि नुसतं 'एडेड' म्हणून थांबू नकोस: 'द स्टेट पेज द टीचर्स सॅलरीज.' पगार सरकार देतं हे कळल्याशिवाय समोरच्याला आपली निम्मी भांडणं समजणार नाहीत. 'एटीकेटी' (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जाणं) तर मुंबईपलीकडच्या पंजाब्यालाही सांगावं लागतं. 'कॅरिंग अ बॅकलॉग' म्हटलं की काम होतं. इथं ब्रिटनमध्ये 'प्रोफेसर' हे सर्वांत वरचं पद, सरसकट शिकवणाऱ्या सगळ्यांना लावत नाहीत. कॉलेजातल्या सरांना 'लेक्चरर' म्हटलं तर सरांचा अपमान होत नाही, काळजी करू नकोस.

जुना_पदवीधर
वहिनींशी सहमत. मी राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडी भर घालतो.

'सिनेट' या शब्दाकडे लक्ष द्या. आपण सहज म्हणतो, 'आय व्होटेड इन द सिनेट इलेक्शन'. अमेरिकन माणूस दचकेल. आपली सिनेट म्हणजे विद्यापीठाची अधिसभा, आणि नोंदणीकृत पदवीधर तिचे काही सदस्य निवडून देतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळे अशी रचना आहे. इंग्रजीत अनुक्रमे सिनेट, मॅनेजमेंट कौन्सिल, अकॅडमिक कौन्सिल, बोर्ड ऑफ स्टडीज. अभ्यासक्रम कुठे ठरतो, पैसा कुठे मंजूर होतो, आणि नुसता आवाज कुठे उठवता येतो, हे या चार नावांवरून सांगता आले पाहिजे. 'द युनिव्हर्सिटी डिसायडेड' हे उत्तर नव्हे. विद्यापीठातल्या कोणी ठरवले?

दुसरे, पदवीधर मतदारसंघ. हा विषय मुलाखतीत मुद्दाम काढा, कारण राजकारण आणि उच्च शिक्षण यांची गाठ इथे थेट राज्यघटनेत बसली आहे. अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेच्या शक्य तितक्या एक-द्वादशांश जागा पदवीधरांनी आणि तितक्याच शिक्षकांनी निवडायच्या. आपल्या परिषदेच्या ७८ पैकी ७ आणि ७. कोल्हापूर पुणे विभागाच्या पदवीधर मतदारसंघात येते. इंग्रजीत 'ग्रॅज्युएट्स कॉन्स्टिट्यूअन्सी'. पॅनेलवर कोणी ब्रिटनमध्ये शिकलेला असेल तर सांगा की तुमच्याकडेही विद्यापीठांचे खासदार असत, १९५० पर्यंत. तुम्ही बंद केले, आम्ही ठेवले. ठेवावे की नाही यावर तुमचे मत विचारतीलच. ते आधी ठरवून जा.

तासिकावाला
चर्चा चांगली चाललीय, पण सगळ्यात घोटाळ्याचा शब्द अजून कुणी काढला नाही. ऑटोनॉमी.

पाहुण्यांनी भाषणात 'ऑटोनॉमी' म्हटलं की टाळ्या पडतात. कसली ऑटोनॉमी? स्वायत्त कॉलेज स्वतः अभ्यासक्रम आखतं, परीक्षा घेतं, निकाल लावतं. पदवी मात्र विद्यापीठच देतं. ही झाली अकॅडमिक ऑटोनॉमी. प्राध्यापक भरायचे तर पदमान्यता शासनाची, म्हणजे प्रशासकीय स्वायत्तता अर्धी. पैशाच्या बाबतीत 'फायनान्शियल ऑटोनॉमी' म्हणजे बऱ्याचदा 'तुमचं तुम्ही बघा'. कळंबारोड, हा शब्द आला की पुढं लगेच दोन गोष्टी जोड: 'ऑटोनॉमी ओव्हर व्हॉट' आणि 'ऑटोनॉमी फ्रॉम हूम'. उत्तर आपोआप शहाणं होतं.

मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवतो, सीएचबी. बरीच वर्षं झाली. कॉलेज कुठलं ते सोडा. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही, आणि बिल निघायला कधी वर्ष उलटतं. याला इंग्रजीत काय म्हणायचं? 'क्लॉक आवर बेसिस' म्हटलं तर बाहेर कुणी ओळखत नाही. इंग्रजी रिपोर्टात 'फ्लेक्सिबल वर्कफोर्स' असं लिहिलेलं वाचलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

मंगळवारपेठ_ते_मँचेस्टर
सर, इथं 'आवर्ली-पेड लेक्चरर' म्हणतात, अमेरिकेत 'ॲडजंक्ट'. या वर्गाला एकत्रित नाव 'कॅज्युअल स्टाफ', आणि पर्मनंट जागा कमी करून असे लोक घ्यायच्या प्रकाराला 'कॅज्युअलायझेशन'. इथल्या प्राध्यापकांच्या संघटनेनं त्यावर संप केलेत. तुमची गोष्ट कोल्हापूरपुरती नाही, आणि कळंबारोडनं हा शब्द वापरला तर पॅनेलला तुलना लगेच दिसेल. 'फ्लेक्सिबल' कुणासाठी, एवढंच विचारायचं.

मिसळ_कट
सरांना सलाम. बाकी 'बिल निघालं नाही' याला इंग्रजीत 'द बिल इज पेंडिंग' म्हटलं की विधानसभेतलं विधेयक अडकलंय वाटतंय. दोन्ही अडकलेलीच असत्यात, फरक काय म्हणा.

एनईपीची_पोरगी
मी बीएस्सीला आहे, संलग्न कॉलेजात, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची. आमच्यावर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचं (एनईपी) हे सगळं २०२४-२५ पासून सुरू झालं, स्वायत्त कॉलेजात त्याच्या आधीच्या वर्षी. तेव्हा शब्द तर आम्ही रोज जगतोय: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, आयकेएस, ओजेटी. वर्गात निम्म्या मुलांना यातल्या अक्षरांचा पूर्ण अर्थ माहीत नाही, मार्कशीटवर दिसतं तेवढंच. दादा, मुलाखतीत ही आद्याक्षरं फेकू नकोस, प्लीज.

'मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट'वर नक्की विचारतील. पहिल्या वर्षाचे किमान ४० क्रेडिट आणि वरती ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स केला तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स. क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा, साधारण सात वर्षं टिकतात. कागदावर छान आहे.

माझ्या वर्गातली भुदरगडकडची एक मुलगी पहिल्या वर्षानंतर आली नाही. एसटीचा पास होता, घरचं काही कारण. तिनं सर्टिफिकेट घेतलेलं नाही, तिला ते माहीतच नव्हतं. आता तिला 'एक्झिट' म्हणायचं की 'ड्रॉपआउट'? सरकारी तक्त्यात ती कुठल्या रकान्यात बसते त्यावर धोरण यशस्वी की अयशस्वी ठरणार. मला वाटतं पॅनेलला हे विचारायला आवडेल आणि उत्तर त्यांच्याकडेही नसेल.

कळंबारोड
लई भारी बोललीस ताई. हे मी वापरू का?

एनईपीची_पोरगी
वापर. तालुका सांगू नकोस फक्त.

शाहूपुरी_५वी_गल्ली
मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. राजकारण आपलं, विद्यापीठ आपलं, आणि चर्चा इंग्रजीत करायची हौस कशाला? शिवाजी विद्यापीठ १९६२ ला निघालं ते कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या खेड्यातल्या पोरांसाठी. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार इतिहासाचे, त्यांनी माळावर विद्यापीठ उभं केलं. विचार मराठीत करायला शिका आधी. शब्द पाठ करून आलेली माणसं इथं बरीच बघितली.

जुना_पदवीधर
आपला राग समजतो, पण त्याची दिशा मला चुकीची वाटते. विद्यापीठांविषयीचे मोठे निर्णय ज्या कागदांवर होतात ते इंग्रजीत असतात. जानेवारी २०२५ चा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, मसुदा आठवा. कुलगुरू निवडणाऱ्या शोध समितीत तीन जण: एक कुलपतींचा, एक यूजीसी अध्यक्षांचा, एक विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाचा. राज्य सरकारचा प्रतिनिधी नाही. उद्योग किंवा प्रशासनातला माणूसही कुलगुरू होऊ शकेल अशी वाट त्यात ठेवली होती. केरळ आणि तमिळनाडूच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, त्यांना केंद्र नेमते. हा वाद मराठीत उत्तम मांडता येतो. पण हरकत पाठवायची होती इंग्रजी मसुद्यावर, कलमाचा आकडा देऊन. आमच्या गावातल्या किती प्राध्यापकांनी ती पाठवली?

महाराष्ट्राने उलट टोकही पाहिले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीत कुलगुरूंसाठी नावे राज्य सरकारने राज्यपालांकडे पाठवायची आणि मंत्री प्र-कुलपती, अशी तरतूद होती. पुढच्या सरकारने ती मागे घेतली. म्हणजे प्रत्येकाला विद्यापीठाची स्वायत्तता हवी असते, ती समोरच्यापासून. तासिकावाले यांनी वर विचारलेला 'फ्रॉम हूम' तो हाच.

शाहूपुरी_५वी_गल्ली
सर, मुद्दा मान्य. तरी मी मराठीतच लिहिणार.

जुना_पदवीधर
लिहा. मीही तेच करतो आहे.

तासिकावाला
अवांतर होतंय, पण शाहू महाराजांचा विषय निघायलाच हवा होता, कोल्हापूरचा धागा आहे. २६ जुलै १९०२ चा हुकूम मुळातनं वाचा. धोरणाची भाषा कशी असावी त्याचा तो नमुना आहे. आधी कारण दिलंय: मागास वर्गांत उच्च शिक्षण पसरत नाही, कारण त्या शिक्षणाचं फळ, म्हणजे नोकऱ्या, मोजक्या लोकांच्याच हातात जातं. मग उपाय: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या त्यांना. मग मागास कोण, त्याची व्याख्या. शेवटी प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी नेमणुकांचं पत्रक सादर करायचं. कारण, प्रमाण, व्याख्या, तपासणी. त्यात 'रोबस्ट' नाही की 'होलिस्टिक' नाही. आताच्या धोरणांत शेवटची ओळ शोधून दाखवा.

मंगळवारपेठ_ते_मँचेस्टर
हे फार मोलाचं. एक सावधगिरी मात्र: 'रिझर्व्हेशन' हा शब्द भारतीय पॅनेलपुढं ठीक, परदेशी माणूस असेल तर 'कास्ट-बेस्ड कोटाज' असं एकदा स्पष्ट कर. 'ॲफर्मेटिव्ह ॲक्शन' म्हणजे तेच नव्हे. अमेरिकेत ठरावीक टक्के जागा राखून ठेवणं आधीपासूनच बेकायदा होतं, वंश हा प्रवेशातला एक घटक धरला जायचा, आणि २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं तेही बंद केलं. आणि दसरा चौकातलं 'बोर्डिंग' म्हणजे 'बोर्डिंग स्कूल' नव्हे! 'कम्युनिटी हॉस्टेल्स फाउंडेड अंडर शाहूज पेट्रनेज' म्हण, मग १९०१ च्या मराठा बोर्डिंगपासून सांगता येईल.

कळंबारोड
मंडळी, सगळं वाचून उत्तर परत केलं. प्रश्न असा धरला: भारतातल्या उच्च शिक्षणात कुठली एक सुधारणा करशील? मराठीत सारांश देतो, बोलणार इंग्रजीत.

२०२० च्या धोरणाला २०३५ पर्यंत पटनोंदणीचं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचंय. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत ते २८.४ होतं. त्याच काळात संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायची आहे. म्हणजे विद्यार्थी वाढणार आणि विद्यापीठाचा आधार काढला जाणार. शहरातलं मोठं कॉलेज स्वायत्त होईल किंवा साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं तसं काही कॉलेजं मिळून केलेल्या समूह विद्यापीठात जाईल. चंदगड-आजऱ्याकडच्या छोट्या कॉलेजचं काय? माझी सुधारणा: राज्यानं आधी तिथली मंजूर पदं कायमस्वरूपी भरावीत, मग स्वायत्तता द्यावी. भरलेल्या पदांचा तिमाही तक्ता जाहीर करावा (हे शाहूंकडनं उचललं). विरोध अर्थखात्याचा असणार, कारण पगाराचा बोजा. त्यावर माझं म्हणणं, कोठारी आयोगापासून राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करायचं आपण म्हणतोय, १९६८, १९८६ आणि २०२० च्या तिन्ही धोरणांत तो आकडा आहे.

मिसळ_कट
नाद खुळा! दोन दिवसांत पोरगं मंत्र्यागत बोलाय लागलं. नाही, चुकलं, मंत्र्यागत नाही.

जुना_पदवीधर
उत्तम. 'ॲफिलिएटेड टू', 'ॲक्रेडिटेड बाय', 'अकाउंटेबल टू समवन फॉर समथिंग' ही शब्दयोगी जोडणी पक्की करा, आपली मुले तिथेच घसरतात. 'जीआर' म्हणू नका, दिल्लीत 'गव्हर्नमेंट ऑर्डर' सर्वांना कळते. आणि शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले, पण उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय त्याआधीपासूनच केंद्राच्या सूचीत होता, नोंद ६६. हे दोन्ही एका दमात सांगा. अर्धेच सांगितले तर समोरचा राहिलेले अर्धे विचारतो.

एनईपीची_पोरगी
सर, एक शंका. विद्यापीठाच्या परिपत्रकात 'ऑर्डिनन्स' असतं आणि राज्यपाल काढतात तोही 'ऑर्डिनन्स'. दोन्ही अध्यादेशच?

जुना_पदवीधर
नाव एकच, चीज वेगळी. विधिमंडळाचे अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात तो अध्यादेश, त्याला कायद्याचे बळ असते आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. विद्यापीठाचा अध्यादेश म्हणजे प्रवेश, परीक्षा वगैरेंचे अंतर्गत नियम, विद्यापीठ कायद्याच्या अधिकारात केलेले. त्याच्या वर परिनियम, म्हणजे स्टॅट्यूट. इंग्रजीत बोलताना 'युनिव्हर्सिटी ऑर्डिनन्स' असे पूर्ण म्हणावे.

मंगळवारपेठ_ते_मँचेस्टर
कळंबारोड, रविवारी तुमच्या वेळेनं दुपारी साडेतीनला व्हिडिओ कॉलवर सराव घेऊ. तासिकावाले सर, तुम्हीही पॅनेलवर या, जमत असेल तर. पहिला प्रश्न आत्ताच देऊन ठेवते: कुलगुरू कोणी नेमावा, आणि तुझ्या उत्तरानं सगळ्यात जास्त नाराज कोण होईल? 'स्टेकहोल्डर्स' म्हणालास तर कॉल कट.

तासिकावाला
येतो. रविवारी तास नसतो, म्हणजे पैसेही नसतात, वेळ आहे.